उतारावर गिअर की पायब्रेक? फिरत्या मजकुराला मुद्देसूद उत्तर

पावसाळा लागला, घाटांकडे गाड्यांच्या रांगा लागल्या की मोबाइलवर एक मजकूर पुन्हा फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा : घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवायची पद्धत जुन्या ट्रकांच्या काळातली, ती आता सोडा. इंजिन गाडी ओढण्यासाठी असते, थांबवण्यासाठी नाही. त्याला उगाच चार हजार आरपीएमवर (मिनिटाला चार हजार फेऱ्यांवर) फिरवले की ते लवकर बसते. क्लचप्लेट महाग, ब्रेकपॅड स्वस्त, मग झिजवायचे काय? हल्लीच्या गाड्यांना डिस्क आणि एबीएस असते, ते ब्रेक तापत नाहीत. पायब्रेकवर हलका पाय ठेवून निवांत उतरा. न्यूट्रलमध्ये उतरलात तर इंधनही वाचेल. ऑटोमॅटिकला तर गिअरने वेग रोखताच येत नाही. आणि गिअरने वेग कमी केला तर मागचा ब्रेकलाइट लागत नाही, मागून धडक बसते.

यातला शेवटचा मुद्दा बरोबर आहे. क्लचबद्दलचा सपाट रस्त्यापुरता बराचसा बरोबर आहे. बाकीचे चुकीचे आहेत, आणि न्यूट्रलचा तर जीवघेणा आहे. सगळ्या मजकुराची मूळ चूक एकच : तो सुट्या भागांच्या किमतींची तुलना करतो. उतारावरचा प्रश्न उष्णतेचा आहे. गाडी डोंगरावरून खाली येताना जी ऊर्जा मोकळी होते ती कुठेतरी जिरवावी लागते; ती कुठे जिरवायची एवढेच चालकाच्या हातात असते.

‘इंजिन थांबवण्यासाठी नसते, खराब होते’

ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि गाडी गिअरमध्येच राहिली, की चाके इंजिनाला फिरवू लागतात. पेट्रोल इंजिनात हवेची थ्रॉटल झडप जवळजवळ बंद असते. पिस्टन खाली जाताना बंद तोंडातून हवा ओढायचा प्रयत्न करतात, हवा आत नेणाऱ्या नळीत, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमध्ये, पोकळी तयार होते आणि ती ओढाताण गाडीचा वेग खाते. त्यात पिस्टन-रिंगा, बेअरिंगे, ऑइलपंप, वॉटरपंप यांच्या घर्षणाची भर पडते. ही सगळी उष्णता इंजिनातले पाणी, ऑइल आणि सायलेन्सरमधून जाणारी हवा घेऊन जातात. रेडिएटर त्यासाठीच बसवलेला असतो, आणि उतारावर त्याला जवळजवळ सुट्टीच असते, कारण आत काही जळतच नसते.

डिझेलबद्दल एक समजूत पक्की बसलेली आहे : कॉम्प्रेशन जास्त, म्हणून इंजिनाची रोख (वेग अडवण्याची ताकद) जास्त. प्रत्यक्षात दाबलेली हवा पिस्टनला परत खाली ढकलते आणि घेतलेल्यातले बरेचसे परत देते. डिझेलमध्ये हवेची वाट बहुधा उघडीच असते, त्यामुळे पोकळीची ओढही कमी. डिझेल गाडी उतारावर चांगली रोखली जाते ती मोठ्या आकारमानामुळे, जास्त घर्षणामुळे आणि गिअरच्या प्रमाणामुळे. ट्रकांना वेगळा एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनाची रोख वाढवणारी झडप) का लागतो त्याचे उत्तर इथेच आहे.

आता खराब होण्याचे. पेट्रोल इंजिनाची लाल रेघ (आरपीएमची कमाल मर्यादा) साधारण ६,००० ते ६,५०० आरपीएमवर असते. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये ३,०००–४,००० आरपीएमवर बिनभाराने फिरणाऱ्या इंजिनावर, तोच घाट पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन चढताना पडतो त्याहून कितीतरी कमी ताण असतो. ऑइलपंप इंजिनाबरोबरच फिरतो, म्हणजे आरपीएम वाढले की ऑइलचा पुरवठाही वाढतो. आवाज मोठा होतो एवढेच. पण तो आवाज ऐकूनच लोक घाबरतात आणि गिअर चढवतात.

या भीतीमागे एक खरा इतिहास मात्र आहे. टू-स्ट्रोक स्कूटर आणि मोटरसायकलींमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असे. लांब उतारावर थ्रॉटल बंद ठेवून गिअरमध्ये उतरले की पेट्रोल येईना, म्हणजे ऑइलही येईना, आणि पिस्टन सीझ, म्हणजे जाम, होई. म्हणून जुने स्वार मधूनमधून थोडी रेस देत. ती खबरदारी टू-स्ट्रोकसाठी होती. ऑइलचा वेगळा साठा असलेल्या फोर-स्ट्रोक इंजिनाला ती लागू नाही, पण सल्ला मात्र तसाच पुढच्या पिढीकडे आला.

इंजिन खरोखर फुटते ते चुकीचा गिअर पडल्यावर. छोट्या पेट्रोल गाडीत पहिला गिअर हजार आरपीएमला ताशी ७ किलोमीटरच्या आसपास चालतो, दुसरा १२–१३, तिसरा २०. ताशी ६० ला तिसऱ्याऐवजी पहिला पडला आणि क्लच सोडला, तर इंजिन साडेआठ हजारांवर ओढले जाते. आरपीएमला आळा घालणारा रेव्ह लिमिटर इथे कामाचा नाही : तो इंधन तोडू शकतो, पण चाकांनी इंजिन फिरवले तर त्याला कसा रोखणार? वाल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि मग हेड उतरवावे लागते. उपाय साधा आहे. आधी पायब्रेकने वेग खाली आणा, मग एकेक गिअर उतरवा. ताशी ४० ला दुसरा, ६० ला तिसरा हे छोट्या गाडीला सुरक्षित आकडे आहेत.

उतार संपल्यावर पहिल्यांदा रेस देताच मागून निळसर धूर निघाला, तर दोष उतरण्याच्या पद्धतीला देऊ नका. झिजलेल्या वाल्व्ह-सीलमधून त्या पोकळीने ऑइल आत ओढले, एवढेच झाले. सील आधीच गेलेली होती.

‘पॅड स्वस्त, क्लच महाग’

किमतीची तुलना खोटी नाही. छोट्या गाडीचे पुढचे पॅड आणि क्लचचा संच यांच्या खर्चात कितीतरी पट फरक असतो, आणि क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी वेगळी. प्रश्न असा की उतारावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये असताना क्लच झिजतो का? नाही. क्लचप्लेट घसरते तेव्हाच झिजते. पाय पूर्ण काढलेला असला की प्लेट, फ्लायव्हील आणि प्रेशरप्लेट एकत्रच फिरतात. वीस मिनिटांच्या उतारात झीज शून्य.

झीज होते ती गिअर उतरवतानाच्या त्या एका क्षणात, इंजिन १,५०० वरून ३,००० वर खेचले जाते तेव्हा. ती टाळायची असेल तर क्लच दाबलेला असताना हलकी रेस देऊन आरपीएम वर आणा आणि मग क्लच सोडा. हे जमत नसेल तर आधी ब्रेकने वेग कमी करा म्हणजे फरकच थोडा राहील. घाट उतरताना गिअर दोन-चार वेळाच बदलतो. त्यापेक्षा चढावर वाहतूक अडली असताना हाफ क्लचवर गाडी तोलून धरणारे जास्त प्लेट जाळतात, आणि त्याबद्दल या मजकुरात चकार शब्द नाही.

सपाट रस्त्यावर मात्र मजकुराचे म्हणणे मान्य. सिग्नल दिसला की पाचातून चार, चारातून तीन, तीनातून दोन असा प्रत्येक गिअर उतरवत थांबण्याची गरज नाही. पायब्रेक दाबा, गाडी आहे त्याच गिअरमध्ये राहू द्या, आरपीएम हजार-बाराशेवर आले की क्लच दाबा. अनेक ड्रायव्हिंग स्कूलमध्ये क्लच आणि ब्रेक एकदम दाबायला शिकवतात. गाडी बंद पडू नये म्हणून ते सोयीचे. पण क्लच आधी दाबला की इंजिनाची सगळी रोख सुटते आणि उतारावर गाडी क्षणभर पुढे झेपावते. पहिला ब्रेक, शेवटी क्लच.

‘डिस्क आणि एबीएस असले की ब्रेक तापत नाहीत, हलका पाय ठेवा’

मजकुराचा सगळा डोलारा या वाक्यावर उभा आहे, म्हणून इथे आकडेमोड करू.

चार माणसे आणि सामान धरून १,४०० किलोची गाडी ५०० मीटर खाली आली, तर मोकळी होणारी ऊर्जा सुमारे ६.९ मेगाज्यूल. तेवढ्या उष्णतेत २५ अंशांचे जवळजवळ २२ लिटर पाणी उकळीला येईल. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना साधारण एवढीच उंची कमी होते. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे; आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना याच्या दुपटीहून जास्त ऊर्जा जिरवायची असते.

टायरांचे घर्षण आणि वारा यांनी यातला पाव भाग खाल्ला असे धरू. उरलेली सगळी उष्णता पायब्रेकने घ्यायची ठरली, तर पुढच्या दोन डिस्क आणि मागचे दोन ड्रम मिळून १८ किलोच्या आसपास बीड (ओतीव लोखंड). अजिबात थंड न होता तापली तर तापमान सहाशे अंशांनी चढेल. वारा लागतो म्हणून प्रत्यक्षात इतके होत नाही. पण वाटणी सारखी नसते, सत्तर टक्के किंवा त्याहून जास्त काम पुढच्या चाकांवर पडते. पुढच्या डिस्कला तीनशे-चारशे अंश ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

आता हीच गोष्ट दर सेकंदाच्या हिशेबाने. सहा टक्क्यांचा उतार, ताशी ४०. टायर-वारा वजा करून सुमारे ६.७ किलोवॉट सतत जिरवायचे आहेत. १.२ लिटरचे पेट्रोल इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये, ३,२०० आरपीएमच्या आसपास, यातले साडेपाच-सहा किलोवॉट घेते. तिसऱ्यात साडेतीन. चौथ्यात जेमतेम अडीच. म्हणजे दुसऱ्या गिअरमध्ये ब्रेकवर एक किलोवॉटच्या आतबाहेर पडते आणि चौथ्यात चारच्या वर. एवढ्या एका बदलाने ब्रेकवरचा भार चौपट होतो. न्यूट्रलमध्ये तो सगळाच्या सगळा ब्रेकवर.

आणि तापल्यावर नेमके काय बिघडते? तीन वेगवेगळ्या गोष्टी, त्यांची लक्षणेही वेगळी.

डिस्कचे पॅड आणि ड्रममधले लायनर रेझिनने बांधलेले असतात. मर्यादेपलीकडे तापले की ते रेझिन जळू लागते आणि पॅड-डिस्कच्या मध्ये वायूचा थर येतो. पायाखाली पेडल घट्टच लागते, जोरही लावला जातो, पण गाडी थांबत नाही. जळका, उग्र वास येतो. या अवस्थेत गाडी थांबवून थंड केली तर ब्रेक बऱ्यापैकी परत येतात; पॅडवर काचेसारखी चकाकी आली असेल तर बदलावे लागतात.

ड्रमचे आणखी एक दुखणे : ड्रम तापून फुगतो, लायनरपासून लांब जातो, पेडल खोल जाऊ लागते. डिस्कला हे होत नाही, कारण ती फुगली तर पॅडच्याच दिशेने फुगते. डिस्क चांगली असण्याचे खरे कारण हे, आणि ती उघड्यावर असल्याने लवकर निवते हे. ती तापतच नाही, हे नव्हे.

तिसरे सर्वांत वाईट : ब्रेक ऑइल उकळणे. डॉट ३ आणि डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे दर्जे. नवे डॉट ३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ हे २३० पर्यंत. पण हे ऑइल हवेतला दमटपणा शोषते. साडेतीन-चार टक्के पाणी मुरले की हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. कोकणातल्या हवेत, चार-पाच वर्षे न बदललेले ऑइल असेल तर काय होईल ते उघड आहे. ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात, दाब पॅडपर्यंत पोचत नाही आणि पेडल स्पंजासारखे होत तळाला टेकते. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचे ते यासाठी. बाटलीत वरून भर घालणे म्हणजे बदलणे नव्हे; चारही चाकांतून जुने काढावे लागते.

उकळण्याचा एक फसवा प्रकार पायथ्याशी दिसतो. गाडी उतरेपर्यंत ठीक असते, चहाला थांबते. आता वारा लागत नाही, तापलेल्या डिस्कची उष्णता पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये शिरते आणि ऑइल तेव्हा उकळते. पंधरा मिनिटांनी निघताना पेडल खाली. म्हणून घाट संपल्यावर लगेच थांबू नका; दोन-तीन किलोमीटर सपाटीवर ब्रेक न लावता चालवा, मग थांबा.

एबीएसचा या सगळ्याशी संबंध नाही. ते चाक जाम होऊ देत नाही, एवढेच त्याचे काम. पॅडमध्ये पकडच उरली नाही तर एबीएसला करण्यासारखे काही राहत नाही.

उरला हलका पाय. ब्रेक सतत थोडा दाबून ठेवला की पॅडला निवायला उसंतच मिळत नाही. शिवाय हलक्या दाबावर चारही चाके सारखी लागत नाहीत. ज्याचे लायनर जवळ बसलेले ते एकटेच सगळे काम करते आणि एकटेच जळते. पद्धत अशी : वळणे आणि उतार पाहून वेग ठरवा, समजा ४०. गिअर असा निवडा की इंजिन वेग जवळपास तिथेच धरेल. वेग हळूहळू ४० च्या वर सरकला की ठाम ब्रेक दाबून तीनेक सेकंदांत ३०–३२ वर आणा आणि पाय पूर्ण काढा. पुन्हा ४० होईपर्यंत ब्रेक निवतात. दर दहा सेकंदांनी ब्रेक लागत असेल तर गिअर चुकला. आणखी एक उतरवा.

‘न्यूट्रलमध्ये इंधन वाचते’

कार्ब्युरेटरच्या काळात यात तथ्य होते. बंद थ्रॉटलवर इंजिन जोरात फिरले की आयडल जेटमधून पेट्रोल ओढले जाई. इंधन इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटरला दिसते की पाय काढलेला आहे आणि आरपीएम बाराशे-पंधराशेच्या वर आहेत. तो इंजेक्टर पूर्ण बंद करतो. गिअरमध्ये उतरताना खर्च शून्य. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःला चालू ठेवायचे असते, म्हणून ते आयडलवर (बिनरेस) ताशी पाऊण लिटरच्या आसपास जाळत राहते. वीस मिनिटांच्या घाटात न्यूट्रलवाला पाव लिटर जाळतो, गिअरवाला काही नाही. जुन्या डिझेल ट्रकांच्या पंपातला गव्हर्नरसुद्धा उतारावर पाय काढला की डिझेल तोडतो. म्हणजे ‘न्यूट्रल मारून’ वाचवल्याचा हिशेब तिथेही जमत नाही.

एक अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा. इतका सौम्य उतार की गिअरमध्ये गाडी मंदावते आणि न्यूट्रलमध्ये वेग टिकतो, तिथे न्यूट्रलने थेंबभर इंधन वाचू शकते. तिथेही वरच्या गिअरमध्ये किंचित रेस पुरते.

न्यूट्रलचा खरा धोका परत गिअरमध्ये येताना आहे. उतारावर वेग बघता बघता ताशी ७०–८० होतो. आता ब्रेक कमी पडतात असे वाटले आणि गिअर टाकायचा म्हटले, तर दुसरा पडत नाही. गिअरबॉक्समध्ये वेग जुळवणाऱ्या सिंक्रोला तेवढा फरक जुळवता येत नाही, गिअर करकरतो, चालक क्लच दाबून लिव्हर चाचपडत राहतो आणि तेवढ्यात वळण येते. म्हणून गिअर घाटमाथ्यावर, उतार सुरू होण्याआधी निवडायचा.

त्याहून पुढची पायरी म्हणजे इंजिनच बंद करून उतरणे. कारमध्ये पेडलला जोर देणाऱ्या बूस्टरमध्ये उरलेल्या पोकळीवर ब्रेक दोन-तीनदा हलके लागतात, मग पेडल दगडासारखे होते; पॉवर स्टिअरिंग जाते; किल्ली चुकून पूर्ण फिरली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकते. याउलट गिअरमध्ये, बंद थ्रॉटलवर, पेट्रोल इंजिन बूस्टरला सर्वांत चांगली पोकळी देते.

ट्रकमध्ये प्रश्न हवेचा. टाकीत साधारण ७–८ बार दाब असतो. प्रत्येक ब्रेकला थोडी हवा सुटते आणि ती भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो. आयडलवर तो हळू भरतो, इंजिन बंद असेल तर अजिबात नाही. वारंवार ब्रेक मारत न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्या ट्रकची हवा खाली येत जाते, इशाऱ्याचा बझर वाजतो, आणि शेवटी हवा गेली की लागणारे स्प्रिंग ब्रेक आपोआप जाम लागतात, तेही तापलेल्या ड्रमवर. गिअरमध्ये इंजिन २,००० वर फिरत असेल तर तोच कॉम्प्रेसर भराभर हवा भरतो.

पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा रस्ता पाहा. घाटासारखा दिसत नाही, वळणे सौम्य, रस्ता रुंद. पण उतार लांब आहे, आणि खाली शहराची वाहतूक. अवजड वाहनांच्या अपघातांनी तो कुप्रसिद्ध झाला. तीव्र घाटात चालक सावध असतो. असल्या लांब, मऊ उतारावरच लिव्हर न्यूट्रलला जाते.

अवजड वाहनांचे गणित वेगळे

साडेअठरा टनांचा सहाचाकी ट्रक सहा टक्के उतारावर ताशी ३० ने उतरत असेल, तर टायरांचे घर्षण वजा करून ७५–८० किलोवॉट जिरवायचे असतात. सहा-एक लिटरचे डिझेल इंजिन नुसते यातले वीसेक घेईल. एक्झॉस्ट ब्रेक सायलेन्सरच्या वाटेत झडप लावून पिस्टनना धुराच्या वाटेवर दाबाविरुद्ध काम करायला लावतो, आणि ही रोख दुप्पट-तिप्पट होते. तरी पुरत नाही. उरलेला उपाय वेग कमी करण्याचा : ताशी ३० ऐवजी १५ ने उतरलात तर दर सेकंदाची उष्णता निम्मी होते, आणि गिअर खालचा असल्याने इंजिनाचे आरपीएम, म्हणजे त्याची रोख, तेवढीच राहते. एक्झॉस्ट ब्रेकही वरच्या आरपीएमवरच जोर धरतो. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये बटण दाबून ‘काही होत नाही’ म्हणण्यात अर्थ नाही.

डिझेल इंजिन दाबलेली हवा परत देते, हा दोष दूर करण्याची युक्ती अमेरिकेतले डिझेल इंजिने बनवणारे क्लेसी कमिन्स यांची. १९३१ मध्ये डिझेल ट्रक घेऊन अमेरिका आडवी पार करताना कॅलिफोर्नियातल्या कॅजॉन खिंडीत ब्रेक निकामी होऊन ते मरता मरता वाचले. पुढे त्यांनी अशी योजना केली की पिस्टन हवा दाबून वर पोचताच एक्झॉस्ट वाल्व्ह उघडेल आणि दाब वाया जाईल. १९६१ पासून तो ब्रेक जेकब्स कंपनीने विकायला आणला. पुण्यात १९६२ साली किर्लोस्करांबरोबर आलेली कमिन्स ती त्यांचीच कंपनी.

आणि रेल्वे? बोरघाटात ३७ ला १ असा चढ आहे. तिथे उतरणारी विजेची इंजिने मोटरींनाच जनरेटर करून गाडी रोखतात. थ्री-फेज इंजिने ती वीज तारेत परत देतात. सुटलेली गाडी अडवायला कॅच सायडिंगही ठेवलेल्या आहेत. नुसत्या चाकांच्या ब्रेकवर तो घाट कोणी सोडलेला नाही.

‘ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा’

या मजकुराला उत्तर म्हणून हा जुना नियमही पुढे पाठवला जातो. तोही आता अपुरा आहे. कमी ताकदीची इंजिने घाट दुसऱ्यातच चढत, म्हणून उतरतानाही दुसरा ठीक बसे. आजची एक लिटरची टर्बो गाडी तोच घाट तिसऱ्या-चौथ्यात सहज चढते. पण टर्बो उतारावर कामाला येत नाही, आणि एक लिटरचे इंजिन रोखते एक लिटरएवढेच. अशा गाडीला उतरताना चढणीपेक्षा एक, कधी दोन गिअर खाली लागतात.

‘ऑटोमॅटिकला जमत नाही’

जमते, ‘डी’मध्ये ठेवून जमत नाही, कारण पाय काढला की बरेच गिअरबॉक्स वरचा गिअर टाकतात. एएमटी (क्लच आणि गिअर आपोआप बदलणारा साधा गिअरबॉक्स) किंवा ड्युअल क्लच असेल तर ‘एम’मध्ये घेऊन हाताने दुसरा निवडा. जुन्या धाटणीच्या ऑटोमॅटिकमध्ये ‘एल’ किंवा ‘२’, सीव्हीटीत (ठरावीक गिअर नसलेल्या, पट्ट्याच्या गिअरबॉक्समध्ये) ‘एल’ किंवा ‘एस’, काही हायब्रिडमध्ये ‘बी’. इंजिन लाल रेघेपलीकडे जाईल असा गिअर कॉम्प्युटर घेऊच देत नाही, म्हणजे चुकीचा गिअर पडण्याची भीतीही इथे नाही.

गिअर नसलेल्या स्कूटरची मात्र अडचण खरी. तिचा क्लच वेगाने पकडतो आणि वेग पडला की सुटतो. सिंहगडासारख्या उतारावर ताशी पंधरा-वीसच्या खाली आलात की ती मोकळी घरंगळते आणि सगळा भार दोन छोट्या ब्रेकांवर. डबलसीट असाल तर पुढचा-मागचा ब्रेक दोन्ही वापरा, सोडून-सोडून दाबा, आणि लिव्हर मुठीकडे जास्त येऊ लागली की दहा-पंधरा मिनिटे थांबा. किल्ली बंद करून कधीही नाही.

विजेच्या गाडीत रिजन (मोटरीला जनरेटर करून बॅटरी भरत वेग रोखणे) हाच इंजिन ब्रेक. पण बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर वीज ठेवायला जागा नसते आणि रिजन बहुतांशी बंद राहतो. महाबळेश्वरच्या हॉटेलात रात्रभर चार्ज करून सकाळी उतरणाऱ्यांनी ८५–९० टक्क्यांवर थांबावे.

‘ब्रेकलाइट लागत नाही’

हे खरे आहे. बहुतेक गाड्यांत गिअर उतरवला तर मागच्याला काहीच दिसत नाही (जोरदार रिजनवर दिवा लावणाऱ्या विजेच्या गाड्या हा अपवाद). म्हणून गिअर उतरवण्याआधी पेडलला दिवा लागेल एवढा स्पर्श करा. एवढ्यासाठी गिअर सोडून द्यायची गरज नाही.

मजकुरात नसलेला, पण असायला हवा होता असा एक मुद्दा ओल्या रस्त्याचा. इंजिनाची रोख फक्त ओढणाऱ्या चाकांवर पडते. रिकामा ट्रक, पहिल्या पावसातला तेलकट रस्ता किंवा लाल मातीचा चिखल, आणि वर एक्झॉस्ट ब्रेक : मागची चाके घसरतात, आर्टिक्युलेटेड (मागे ट्रेलर जोडलेला) ट्रक मध्येच दुमडतो. मोटरसायकलवर गिअर उतरवून क्लच झटकन सोडला तरी मागचे चाक तसेच सुटते. अशा वेळी एक्झॉस्ट ब्रेक बंद ठेवा, वेग आधीच कमी करा, क्लच सावकाश सोडा.

आणि पेडल तळाला गेलेच तर? भराभर चार-पाच वेळा पंप करा. ऑइलमध्ये थोडीच वाफ असेल तर दाब परत येतो. त्याच वेळी एकेक गिअर उतरवा. हॅन्डब्रेकचे बटण दाबून धरून तो थोडा-थोडा ओढा, एकदम ओढला तर मागची चाके घसरतील. इलेक्ट्रॉनिक हॅन्डब्रेक असेल तर स्विच ओढून धरून ठेवा. इंजिन बंद करू नका. हॉर्न, इंडिकेटर चालू. गाडी घासायची वेळ आली तर डोंगराकडच्या बाजूला, गटाराकडे. थांबल्यावर तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, तडा जातो. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा आणि हॅन्डब्रेकच्या भरवशावर राहू नका. तापलेली डिस्क निवताना आकसते आणि पकड ढिली पडते. अर्ध्या तासाने निघताना तो दगड रस्त्यातून उचलून बाजूला टाका.